एक गेली तरी चालतं?

"अरे, तूच म्हणाला होतास ना, एक गेली तरी चालतं म्हणून?"

गेल्या वर्षी ऐन लग्नसराईत, एका मंगळवारी रात्री साडेअकराला आलेला हा फोन. करणारा माझा शाळेपासूनचा मित्र. लग्न-मुंजीचे फोटो काढणं हा त्याचा धंदा. आणि 'एक' म्हणजे डिस्क.

हो, म्हणालो होतो मी. त्याच्या स्टुडिओत टेबलाखाली एक काळा डबा असतो, त्यात ४ टीबीच्या चार डिस्क. चार वर्षांपूर्वी तो डबा मीच त्याला घ्यायला लावला, मीच त्यावर रेड ५ लावलं. चहा पिता पिता मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "यातली कुठलीही एक डिस्क मेली तरी तुझा एकही फोटो जात नाही. मेलेली काढायची, नवीन घालायची, डबा आपोआप सगळं परत भरतो. तू निवांत झोप."

त्या रात्रीही मी तेच म्हणालो. "काही होत नाही. उद्या दुकान उघडलं की नवीन डिस्क आण आणि घाल." बुधवारी दुपारी त्याने ती घातली. पुनर्भरणी सुरू झाली. स्क्रीनवर टक्के सरकायला लागले. रात्रभर सरकत राहिले. गुरुवारी सकाळी ७१ टक्क्यांवर दुसऱ्या डिस्कने मान टाकली आणि डब्याने एका ओळीत सगळं संपल्याचं जाहीर केलं.

जुन्या गिऱ्हाइकांचे अल्बम देऊन झाले होते, त्यामुळे ते वाचले म्हणायचे. पण शेवटच्या पाच आठवड्यांतली तीन लग्नं आणि एक मुंज फक्त त्या डब्यात होती. कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुन्हा वापरून झाली होती. डेटा परत मिळवून देणाऱ्या एका प्रयोगशाळेने बरेच पैसे घेऊन दोन लग्नं आणि मुंज काढून दिली. तिसऱ्या लग्नाचा निम्मा भाग कायमचा गेला.

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. आज जरा सविस्तर लिहितो. मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना इथेच थांबता येईल: 'एक गेली तरी चालतं' हे वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. 'किती गेल्या तर चालतं' हा प्रश्न आपण सगळे विचारतो. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. एक गेल्यावर तिचं ओझं कोणावर पडतं? आणि याचं उत्तर डिस्कांच्या संख्येत नसतं, डेटाच्या मांडणीत असतं.

आता थोडं मागे जाऊ. रेड म्हणजे इन्कम टॅक्सवाल्यांची धाड नव्हे. १९८८ साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की मेनफ्रेमला लावतात ती एक भलीमोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा पीसीसाठीच्या स्वस्त छोट्या डिस्कांचा जथा वापरा. वेग जास्त, वीज कमी, पैसे कमी. अडचण फक्त एक. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असं धरलं, तर १०० डिस्कांच्या जथ्यातली पहिली डिस्क सरासरी ३०० तासांत मरणार. म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत. म्हणून डेटा जरा जादा साठवायचा, एक गेली तर तो उरलेल्यांवरून परत बनवता आला पाहिजे. रेडमधला 'आय' तेव्हा 'इनएक्स्पेन्सिव्ह'चा, म्हणजे स्वस्तातला होता. पुढे विकणाऱ्यांनी त्याचा 'इंडिपेंडंट' केला. महाग डबा 'स्वस्त' या नावाने कसा विकणार? असो.

परत बनवायची युक्ती अगदी सोपी आहे. समजा आपण तिघे किराणा आणायला गेलो आणि चौथ्याने वहीत फक्त एकूण बेरीज लिहून ठेवली. उद्या माझी पावती हरवली तर? बेरजेतून तुमच्या दोघांचे आकडे वजा करा, माझा आकडा आला. डिस्कांमध्ये बेरजेऐवजी एक्सॉर वापरतात आणि त्या बेरजेला परीटी म्हणतात, पण मतलब तोच. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. माझा एक आकडा परत मिळवायला उरलेल्या सगळ्यांना आपापलं दाखवावं लागतं.

आता ही बेरीज ठेवायची कुठे? त्या निबंधात रेडचे पाच प्रकार आहेत. चौथ्या प्रकारात बेरजेसाठी एक डिस्क राखून ठेवलेली असते. दिसायला नीटनेटकं. पण कुठलाही छोटा बदल करायचा म्हटलं की जुना डेटा वाचा, जुनी बेरीज वाचा, नवा डेटा लिहा, नवी बेरीज लिहा, अशी चार कामं होतात. त्यातली बेरजेची दोन्ही कामं कायम त्या एकाच डिस्कच्या गळ्यात. बाकीच्या आळीपाळीने काम करतात आणि ही बिचारी ऑफिसातल्या त्या एकुलत्या एका अकाउंटंटसारखी मार्चअखेर असल्यागत बाराही महिने राबते.

पाचव्या प्रकारात त्यांनी काय केलं? एक डिस्क वाढवली नाही, बेरजेचा एक बिटही वाढवला नाही. फक्त बेरीज प्रत्येक ओळीत वेगळ्या डिस्कवर ठेवली. चार डिस्कांवर ते साधारण असं दिसतं ('बे' म्हणजे बेरीज, आकडे म्हणजे डेटाचे तुकडे):

पहिली ओळ: ० – १ – २ – बे
दुसरी ओळ: ४ – ५ – बे – ३
तिसरी ओळ: ८ – बे – ६ – ७
चौथी ओळ: बे – ९ – १० – ११

दुसऱ्या ओळीत ३ शेवटी का, असं वाटलं असेल. ती चूक नाही. प्रत्येक ओळीत डेटा बेरजेच्या लगेच पुढच्या डिस्कपासून सुरू होतो. त्यामुळे ०, १, २, ३ हे सलग तुकडे चार वेगळ्या डिस्कांवर येतात आणि मोठी फाइल वाचताना चौघीही एकदम कामाला लागतात. १९९१ मध्ये एडवर्ड ली आणि कॅट्झ यांनी बेरीज ठेवायच्या वेगवेगळ्या पद्धतींची तुलना केली, तेव्हा ही मांडणी चांगली ठरली. लिनक्सचं सॉफ्टवेअर रेडसुद्धा तुम्ही वेगळं काही सांगितलं नाहीत तर हीच वापरतं.

सांगायचा मुद्दा काय, तर रेड ४ आणि रेड ५ मध्ये सामान तेच आहे. जागा बदलली, एवढंच.

पण रेड ५ ने रोजच्या कामाचं ओझं वाटलं. संकटातलं ओझं नाही वाटलं.

मित्राच्या डब्यात काय झालं ते आता बघा. एक डिस्क गेली. ती परत बनवायला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत वाचायला हव्यात. ४ टीबीच्या तीन, म्हणजे १२ टीबी. सेकंदाला १०० एमबी धरलं तरी एक ४ टीबीची डिस्क नुसती भरायलाच ११ तास लागतात, आणि तेसुद्धा दुसरं काही काम चालू नसेल तर. मित्र त्यावरच एडिटिंग करत बसला होता, त्यामुळे आणखी उशीर. म्हणजे ज्या तीन डिस्क चार वर्षं जेमतेम रमतगमत चालत होत्या, त्यांना जोडीदार गेल्याच्या दिवशीच मॅरेथॉन पळायला लावली. त्या चौघी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, बहुतेक एकाच खोक्यातून आलेल्या. वय सारखं, उन्हाळे सारखे, लोडशेडिंगचे झटकेही सारखेच.

आणि ही नुसती माझी खंत नाही. गार्थ गिब्सन (तेच, १९८८ चे) आणि बियांका श्रोडर यांनी २००७ मध्ये जवळपास एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या. डिस्कच्या कागदपत्रांप्रमाणे वर्षाला जास्तीत जास्त ०.८८ टक्के डिस्क बिघडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के बदलाव्या लागणं ही सर्रास गोष्ट होती, काही ठिकाणी तर १३ टक्क्यांपर्यंत. वर त्यांना असंही दिसलं की डिस्क मरण्याच्या घटना एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. एक गेली की दुसरी लवकर जाण्याची शक्यता वाढते. म्हणजे 'इंडिपेंडंट' हा शब्द नावात घालून डिस्क स्वतंत्र होत नाहीत.

शिवाय डिस्क अख्खी मरायलाच हवी असंही नाही. त्याच वर्षी १५.३ लाख डिस्कांच्या ३२ महिन्यांच्या नोंदींचा एक अभ्यास आला. त्यांतल्या ३.४५ टक्के डिस्कांवर न वाचता येणारे तुकडे सापडले. डिस्क एरवी ठणठणीत, पण एखाद्या कोपऱ्यात डेटा गेलेला. तीन वर्षांपूर्वीच्या लग्नाचा फोटो कोणी उघडतच नसेल तर ते कळणार कसं? कळतं ते पुनर्भरणीच्या रात्री, जेव्हा प्रत्येक कोपरा वाचावाच लागतो. म्हणजे सगळ्यात वाईट वेळी.

आता तुम्ही म्हणाल, मग आरसा लावा. रेड १, किंवा जोड्या करून रेड १०. प्रत्येक डिस्कची जुळी डिस्क. बेरजेची भानगड नको. मान्य, छोट्या डब्यासाठी मलाही तेच बरं वाटतं. पण प्रश्न तोच ठेवून बघा. एक गेली तर ओझं कोणावर? सगळंच्या सगळं तिच्या जुळीवर. बाकीच्या दहा डिस्क आरामात बसल्या असल्या तरी त्यांना मदत करता येत नाही, कारण त्यांच्याकडे त्या डेटाचा कणही नाही.

मग ओझं खरंच वाटायचं कसं? इथे मला आमच्या सोसायटीचा सात दिवसांचा गणपती आठवतो.

समजा सात घरं आहेत आणि रोज तीन घरांनी मिळून प्रसाद करायचा आहे. यादी अशी केली:

सोमवार: १, २, ३
मंगळवार: १, ४, ५
बुधवार: १, ६, ७
गुरुवार: २, ४, ६
शुक्रवार: २, ५, ७
शनिवार: ३, ४, ७
रविवार: ३, ५, ६

नीट बघा. प्रत्येक घराची पाळी तीनदा. आणि कुठलीही दोन घरं घ्या, ती बरोब्बर एकदाच एकत्र येतात. आता १ नंबरवाले अचानक गावाला गेले. त्यांचे दिवस सोम, मंगळ, बुध. सोमवारी २ आणि ३ ने जरा जास्त केलं, मंगळवारी ४ आणि ५ ने, बुधवारी ६ आणि ७ ने. सहाही घरांना आपल्या तीन पाळ्यांपैकी फक्त एकीत जास्त राबावं लागलं. कोणीही कोणाच्या नावाने खडे फोडले नाहीत.

घरांच्या जागी डिस्क घाला आणि दिवसांच्या जागी डेटाच्या ओळी, प्रत्येक ओळीत दोन तुकडे डेटा आणि एक बेरीज. एक डिस्क गेली तर उरलेल्या सहांपैकी प्रत्येकीचा फक्त एक तृतीयांश भाग वाचावा लागतो. अख्खी डिस्क नाही. परत बनवलेले तुकडे ठेवायची रिकामी जागाही सगळ्यांवर विभागून ठेवली, तर लिहिण्याचं कामही एका नव्या डिस्कच्या डोक्यावर पडत नाही. याला परीटी डिक्लस्टरिंग म्हणतात. १९९० मध्ये मुंट्झ आणि लुई यांनी ही कल्पना मांडली, १९९२ मध्ये हॉलंड आणि गिब्सन यांनी (हो, पुन्हा तेच गिब्सन!) ती कशी बांधायची ते दाखवलं. हिशोब सोपा आहे. एका ओळीत जितके तुकडे त्यातून एक वजा करा, त्याला एकूण डिस्कांतून एक वजा करून भागा. २१ डिस्क आणि ५ तुकड्यांची ओळ असेल तर ४ भागिले २०. प्रत्येक डिस्कचा पाचवा हिस्सा वाचला की काम झालं.

हॉलंड आणि गिब्सन यांनी या याद्या आणल्या कुठून? शेतीतून. कुठल्या वाफ्यात कुठलं बियाणं पेरलं म्हणजे तुलना निष्पक्ष होईल, या प्रश्नातून १९३६ मध्ये इंग्लंडमधल्या फ्रँक येट्स यांनी असल्या समतोल याद्या वापरात आणल्या. त्या पद्धतशीर बांधायच्या कशा, यावरचा पायाभूत निबंध १९३९ मध्ये कोलकात्याच्या राजचंद्र बोस यांनी लिहिला. आणि बोसांचे विद्यार्थी होते आपले शरदचंद्र शंकर श्रीखंडे. नागपूरला शिकलेले, पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झालेले. १९५० मध्ये त्यांनी अशा काही याद्या मुळात बनूच शकत नाहीत हे सिद्ध केलं. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी ऑयलरचं पावणेदोनशे वर्षं जुनं अनुमान चुकीचं ठरवलं, ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. श्रीखंडे २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. आपण रात्रंदिवस डेटा-डेटा करणारे लोक, आपल्यापैकी कितीजणांना हे नाव माहीत आहे? मला स्वतःला हा विषय वाचायला घेईपर्यंत नव्हतं. लाज वाटली.

मोठ्या लोकांनी हे तत्त्व केव्हाच उचललं. गूगलने २००३ मध्ये आपल्या फाइल सिस्टिमवर निबंध लिहिला. त्यात प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती, शेकडो मशीनवर विखुरलेल्या. त्यांनी मुद्दाम एक मशीन मारून बघितलं, त्यावर ६०० जीबी डेटा होता. तो सगळा २३.२ मिनिटांत दुसरीकडे पुन्हा तयार झाला. सेकंदाला ५० एमबी लिहिणाऱ्या एकट्या डिस्कला त्याच कामाला तीन तासांवर लागले असते. तिथे एकही डिस्क जादूची नव्हती. फक्त मेलेल्याचं ओझं थोडं थोडं सगळ्यांनी उचललं. आता हे आपल्यासारख्यांच्याही आवाक्यात आहे. ओपनझेडएफएसमध्ये २०२१ पासून डीरेड नावाने अशी मांडणी मिळते.

फुकट काहीच नसतं, तेव्हा दुसरी बाजूही सांगतो. वरच्या यादीत कुठलीही दोन घरं एकदा तरी एकत्र येतात. म्हणजे दुसरी डिस्क पहिलीची भरपाई व्हायच्या आत गेली, तर ती कुठलीही असो, काही ना काही डेटा जाणारच. जोड्यांच्या पद्धतीत दुसरी नेमकी जुळीच असेल तरच नुकसान होतं, पण झालं तर जोडीचं सगळं जातं. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी 'कॉपीसेट्स' नावाच्या निबंधात याच दुखण्यावर बोट ठेवलं. हजारो मशीनवर प्रती कशाही विखुरल्या, तर वीज जाऊन एकदम थोडी मशीन मेली तरी काहीतरी हमखास जातं. त्यांनी सुचवलं की ठरावीक टोळ्याच करा. नुकसान क्वचित होईल, पण होईल तेव्हा मोठं होईल.

थोडं-थोडं वारंवार, की क्वचित पण दणकून? यात बरोबर-चूक काही नाही. पण हा निर्णय आहे, आणि तो कोणीतरी जागेपणी घ्यायला हवा. आपल्याकडे होतं काय, की डब्याच्या पहिल्या स्क्रीनवर जो पर्याय आधीच निवडलेला असतो त्यावर आपण 'नेक्स्ट' दाबतो. मी तेच केलं होतं.

ऑफिसातही आपण हेच करतो, असं मला हल्ली वाटायला लागलंय. टीममधला एकजण नोकरी सोडतो. मॅनेजर म्हणतो, काळजी नाही, आपल्याकडे बॅकअप आहे. बॅकअप म्हणजे एक हाडामांसाची मुलगी, जिला जाणाऱ्याने शेवटच्या आठवड्यात केटी दिलेली असते. पुढचे चार महिने तिचं स्वतःचं काम अधिक त्याचं काम, आणि रात्री दोनचे अलर्टही तिलाच. मग एक दिवस तिचाही राजीनामा येतो आणि सगळे म्हणतात, काय योगायोग! योगायोग कसला डोंबलाचा. माणसं मोजली होती, मांडणी बघितली नव्हती. आधीपासूनच प्रत्येकाच्या कामाचा थोडा थोडा भाग वेगवेगळ्या दोघातिघांना माहीत असता, तर एकाच्या जाण्याने कोणाचंच कंबरडं मोडलं नसतं.

बरं, मग घरच्या चार डिस्कवाल्यांनी करायचं काय? चार डिस्कांत डिक्लस्टरिंगचा काही उपयोग नाही, ओझं वाटायला माणसंच कमी. मी मित्राच्या डब्यात आता रेड ६ लावलंय. दोन डिस्कांइतकी जागा बेरजांमध्ये जाते, पण कुठल्याही दोन गेल्या तरी डेटा राहतो. डिस्क दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या. महिन्यातून एका रात्री डबा स्वतःच सगळं वाचून तपासतो, म्हणजे कुजलेले कोपरे आधीच कळतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक प्रत त्या डब्यातच नाही. ती चिंचवडला त्याच्या बहिणीच्या कपाटात असते. चोरी, आग, किंवा चुकून दाबलेलं डिलीट यांपुढे कुठलंच रेड कामाचं नाही. डबा ते डिलीट सगळ्या डिस्कांवर इमानेइतबारे करतो. कुठल्या घरात ठेवलंय हीसुद्धा मांडणीच आहे. दुसऱ्या घरात प्रत पोचेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसायचं नाही, हा नियम त्याने स्वतःच भिंतीवर चिकटवलाय.

पण मला टोचणी आहे ती वेगळीच. त्या मंगळवारी रात्री डबा लंगडत का होईना चालू होता. सगळे फोटो उघडत होते. गेल्या पाच आठवड्यांचा डेटा साधारण ६०० जीबी असेल. "आधी तेवढा एखाद्या बाहेरच्या डिस्कवर काढून घे, मग बाकीचं बघू," असं मी म्हणालो असतो, तर दोनतीन तासांत काम झालं असतं. १२ टीबीची मॅरेथॉन सुरू करण्याआधी जे कुठेच दुसरीकडे नाही ते बाहेर काढायचं, एवढं साधं. पण मी स्वतःच्याच वाक्यावर विसंबून होतो. एक गेली तरी चालतं. मी म्हणालो, काही होत नाही, आणि जाऊन झोपलो.

प्रयोगशाळेचा निकाल आला त्या संध्याकाळी मित्राने तिसऱ्या लग्नाच्या मुलीच्या वडिलांना फोन लावला. मी शेजारी बसलो होतो. "काका, तुमच्याशी जरा बोलायचं होतं," एवढं म्हणून तो थांबला. सप्तपदी होती, वरात होती. कन्यादान आणि त्यानंतरचे आजीबरोबरचे फोटो नव्हते. काका ओरडले नाहीत. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये काही निघतात का बघतो."

निघाले. सात-आठ जणांच्या फोनमधून, हललेले, कोणाचं डोकं मध्ये आलेलं, पण सव्वाशे फोटो जमले. मित्राने त्यांचा अल्बम फुकट करून दिला.

गेल्या महिन्यात डब्यात एक दिवा पुन्हा लाल झाला. या वेळी त्याने मला फोन केला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते.

"एक गेली," तो म्हणाला. "या महिन्याचं आधी बाहेर काढतोय. नवीन डिस्क उद्या घालू."